मयत खातेदार आणि मेलेल्या ओळी

२०२५ च्या एप्रिलमध्ये बाबांचा गावाहून फोन आला. म्हणाले, "आज चावडीवर आजोबांचं नाव वाचलं."

आजोबांना जाऊन तोवर चौदा वर्षं झाली होती, त्यामुळे क्षणभर मला काही कळलंच नाही. मग लक्षात आलं. राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम १ एप्रिलपासून सुरू झाली होती. बुलढाणा जिल्ह्यात आधी करून पाहिलेला उपक्रम आता सगळीकडे आला होता. गावोगाव चावडी वाचन करून, जे खातेदार वारले आहेत पण सातबाऱ्यावर अजून 'जिवंत' आहेत, त्यांची यादी करायची आणि वारसांची नावं लावायची. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या चार एकर धानाच्या बांध्या कागदावर अजून आजोबाच कसत होते.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि माझं बरंचसं काम पोस्टग्रेस या डेटाबेसशी असतं. त्या आठवड्यात मी नेमकी हीच कटकट निस्तरत होते. एका मोठ्या तक्त्यात कोट्यवधी मेलेल्या ओळी साठल्या होत्या आणि त्या निघत नव्हत्या. 'मेलेल्या ओळी' हा माझा शब्द नाही, डेटाबेसवाले खरोखर तसंच म्हणतात. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की बाबांचं काम आणि माझं काम एकच आहे. पुढच्या काही महिन्यांत हेही कळलं की या कामात महसूल खात्याचा अनुभव आमच्यापेक्षा बराच जुना आहे.

खोडायचं नाही

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोडउतारा. सातवर जमीन कुणाची, बारावर पीक कोणतं. पण सातबाऱ्यावरचं नाव आपोआप बदलत नाही. आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. कुणी हरकत घेतलीच तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं.

हाताने लिहिण्याच्या काळात यात एक सुंदर बारकावा होता. फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर नोंद पेन्सिलने करायची, प्रमाणित झाल्यावर शाईने. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला ट्रान्झॅक्शन शिकवताना सरांनी बँकेचं उदाहरण दिलं होतं: या खात्यातून पैसे गेले, त्या खात्यात आले, दोन्ही झालं तरच झालं, नाहीतर काहीच झालं नाही. पेन्सिल आणि शाईचं उदाहरण दिलं असतं तर वर्गातल्या अर्ध्या पोरांना ते घरचं वाटलं असतं.

दुसरा बारकावा खोडण्याचा. जुन्या मालकाचं नाव कधी खोडून पुसून टाकायचे नाहीत. त्याला कंस करायचा, खाली नवं नाव लिहायचं आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक. २०२० साली सातबाऱ्याचा नवा नमुना आला तेव्हा कंसाच्या जागी नावावर आडवी रेष आली, पण तत्त्व तेच राहिलं. जुनी ओळ तिथेच राहते, फक्त ती आता लागू नाही हे दिसतं.

हे असं का, ते आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात दिसतं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. त्याआधी इथे मालगुजारी होती, ती १९५१ साली संपली आणि गावांचे हक्क सरकारकडे आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. म्हणजे एकाच बांधीने एका माणसाच्या आयुष्यात तीन राज्यं, दोन जिल्हे आणि निरनिराळे महसूल कायदे पाहिले. अशा ठिकाणी 'आज कुणाची' एवढं लिहून भागत नाही. 'कालपर्यंत कुणाची होती आणि कोणत्या नोंदीने बदलली' हेही लागतं.

कॅलिफोर्नियातली तीच युक्ती

संगणकाच्या जगात सुरुवातीला बहुतेकांनी उलटी वाट धरली. ओळ बदलायची असेल तर जागेवरच बदलायची, जुनी किंमत पुसून नवी लिहायची. डिस्क महाग होत्या, जागा वाचवणं भाग होतं. पण ट्रान्झॅक्शन ही कल्पना ज्यांनी घडवली त्या जिम ग्रे यांनी १९८१ सालच्या एका निबंधात या सवयीवर शंका घेतली होती. हिशेबनीस चुकीचा आकडा खोडत नाहीत, नवी नोंद टाकून दुरुस्त करतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याआधी १९७८ साली एमआयटीतल्या डेव्हिड रीड यांच्या प्रबंधात प्रत्येक बदलाची नवी आवृत्ती ठेवण्याचा विचार आला होता.

१९८६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोस्टग्रेस हा डेटाबेस बांधायला घेतला आणि ही कल्पना टोकाला नेली. काहीच पुसायचं नाही. ओळ बदलली की नवी ओळ लिहायची आणि जुनीवर 'अमुक ट्रान्झॅक्शनपासून लागू नाही' अशी खूण करायची. आपल्या भाषेत सांगायचं तर कंस करायचा. त्यामुळे 'गेल्या मार्चमध्ये या तक्त्यात काय होतं?' असं थेट विचारता यायचं. पण अशाने डिस्क भरत जाणार, म्हणून त्यांनी एक वेगळी प्रक्रिया कल्पिली. ती मागून फिरत राहील आणि जुन्या ओळी उचलून स्वस्त, एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर नेऊन ठेवेल. तिचं नाव व्हॅक्यूम क्लीनर.

म्हणजे मूळ कल्पनेत व्हॅक्यूम काही फेकत नव्हता, तो जुनं जपून दुसरीकडे ठेवत होता. मला हे वाचून आमच्याकडचे मामा तलाव आठवले. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने बांधलेले शेकडो वर्षं जुने तलाव आहेत. पाळ बांधून पाणी अडवलेलं, सांडवा काढलेला, खाली धानाच्या बांध्या. तलावात गाळ येणारच, ते कुणाचं पाप नाही. उन्हाळ्यात तो काढून शेतात टाकला की तलाव खोल होतो आणि शेत सुधारतं. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ काढणं हे नेमकं कुणाचं काम हे धूसर झालं आणि अनेक तलाव उथळ होत गेले. २०१७ साली सरकारला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजनाच काढावी लागली.

पोस्टग्रेसचंही असंच झालं. विद्यापीठातला प्रकल्प संपला, १९९६ साली जगभरच्या स्वयंसेवकांनी तो पोस्टग्रेसक्यूएल या नावाने पुढे चालवला आणि १९९७ सालच्या ६.२ आवृत्तीत भूतकाळात डोकावण्याची सोय काढून टाकली. ती जागा आणि वेग खात होती. जुन्या ओळी मात्र राहिल्या. जून १९९९ मध्ये, म्हणजे आमचा जिल्हा झाल्याच्या पुढच्याच महिन्यात, ६.५ आवृत्तीत वादिम मिखेएव्ह यांनी त्याच जुन्या ओळींचा नवा उपयोग केला. वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांसाठी थांबणार नाहीत. लिहिणारा नवी ओळ लिहीत असताना वाचणाऱ्याला जुनी दिसत राहील. आता जुनी ओळ इतिहासासाठी नव्हे, तर या क्षणी काम करत असलेल्या कुणालातरी दिसावी म्हणून ठेवायची. ती कुणालाच दिसण्याची गरज उरली नाही की ती मेलेली. मेलेल्या ओळीची जागा परत मिळवणं हे व्हॅक्यूमचं काम.

आधी इंडेक्स, मग ओळ

इथे इंडेक्स मध्ये येतो. सातबारा जमिनीनुसार असतो: अमुक गट, त्यावर कोण. पण तलाठ्याला, म्हणजे आमच्याकडे पटवाऱ्याला, कुणी विचारलं की "या माणसाची गावात एकूण किती जमीन?", तर तो सगळे सातबारे उलटत बसत नाही. नमुना आठ-अ काढतो. त्यात खातेदारानुसार यादी असते. डेटाबेसमधला इंडेक्स म्हणजे असाच आठ-अ. त्यात खरी माहिती थोडी, पत्ते जास्त: हे नाव हवं असेल तर अमुक पानावरच्या अमुक जागी बघा. एका तक्त्याला असे पाच-दहा इंडेक्सही असतात.

व्हॅक्यूमचा क्रम ठरलेला आहे. आधी तक्ता चाळायचा आणि मेलेल्या ओळींचे पत्ते एका यादीत घ्यायचे. मग प्रत्येक इंडेक्समध्ये जाऊन त्या पत्त्यांकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी काढायच्या. सगळे इंडेक्स झाले की मगच तक्त्यावर परत येऊन त्या जागा 'मोकळ्या' म्हणून जाहीर करायच्या.

नवशिकी होते तेव्हा मला हा क्रम उगीच लांबवलेला वाटायचा. आधी जागा मोकळी केली आणि इंडेक्स नंतर साफ केला तर काय बिघडेल? पत्ता चुकीचा निघेल, एवढंच ना? नाही. रिकाम्या घराचा पत्ता धोक्याचा नसतो. धोका तेव्हा होतो जेव्हा त्या घरात नवा भाडेकरू येतो. जुन्या नावाची नोंद इंडेक्समध्ये तशीच आहे आणि त्या जागी आता दुसऱ्याच माणसाची ओळ लिहिली गेली, तर आजोबांचं नाव शोधल्यावर भलत्याच माणसाची माहिती येईल आणि डेटाबेसला त्यात काही चूक दिसणारही नाही. म्हणून सगळ्या इंडेक्सना कळल्याशिवाय जागा दुसऱ्याला द्यायची नाही.

हे खर्चिक आहे. पत्त्यांच्या यादीसाठी दिलेली मेमरी भरली की व्हॅक्यूमला मध्येच थांबून सगळे इंडेक्स साफ करावे लागतात, मग पुढची यादी, मग पुन्हा सगळे इंडेक्स. २०२४ सालच्या १७ व्या आवृत्तीत ही यादी ठेवण्याची पद्धत बदलली आणि ती बरीच कमी जागेत मावू लागली, तोवर मोठ्या तक्त्यांवर हा त्रास नेहमीचा होता. सुरुवातीच्या काळात तर व्हॅक्यूम चालू असताना तक्ता पूर्ण बंद राहायचा. २००२ सालच्या ७.२ आवृत्तीत तो काम चालू असताना मागे चालू लागला. २००५ सालच्या ८.१ मध्ये आपोआप चालणारा ऑटोव्हॅक्यूम गाभ्यात आला. तो साधारण तक्त्यातल्या वीस टक्के ओळी मेल्या की जागा होतो. दहा कोटी ओळींचा तक्ता असेल तर दोन कोटी ओळी मरेपर्यंत तो फिरकत नाही, हे नव्या लोकांना उशिरा कळतं.

या इतिहासात एक पान आपल्याकडचंही आहे. ४ फेब्रुवारी २००८ रोजी आलेल्या ८.३ आवृत्तीत 'हॉट' नावाची सुधारणा आली आणि तिच्या श्रेयात पहिलं नाव पवन देवलसी यांचं आहे. हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी, पुढे पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कंपन्यांमध्ये राहिले. प्रश्न असा होता: एखाद्या ओळीत फक्त 'स्थिती' हा रकाना बदलला आणि त्यावर इंडेक्सच नाही, तरी नवी ओळ नव्या जागी लिहिली म्हणून प्रत्येक इंडेक्समध्ये नवा पत्ता घालावा लागायचा. हॉटमध्ये, इंडेक्स असलेला रकाना बदलला नसेल आणि आठ किलोबाइटच्या त्याच पानावर जागा असेल, तर नवी ओळ तिथेच लिहितात आणि जुन्या ओळीवरून नवीकडे दुवा ठेवतात. इंडेक्स जुन्याच दारावर पोचतो, आतून माणूस पुढच्या खोलीत नेऊन सोडतो. शिवाय अशी मेलेली ओळ काढायला व्हॅक्यूमची वाट पाहावी लागत नाही. कुणी सहज ते पान वाचायला आलं तरी जाता जाता सफाई होते. बाबा बांधावरून चालताना वाकून गवत उपटतात तसं.

एक उघडा वाचक

आता त्या आठवड्यात मी काय निस्तरत होते ते सांगते. आमच्याकडे ऑर्डरींचा एक तक्ता होता आणि त्यातली स्थिती दिवसभर बदलत असे. शुक्रवारी रात्रीपासून तो फुगायला लागला. सोमवारी सकाळपर्यंत तो जवळजवळ चौपट झाला होता, इंडेक्सही सुजले होते आणि साध्या शोधाला काही सेकंद लागत होते. मी ऑटोव्हॅक्यूमला दोष दिला. त्याच्या सेटिंग बदलल्या, तो जास्त वेळा आणि जोरात चालेल असं केलं. तो इमानदारीने चालत राहिला आणि दर वेळी लॉगमध्ये तेच लिहीत राहिला: इतक्या ओळी मेलेल्या आहेत, पण अजून काढता येत नाहीत.

दुपारी कारण सापडलं. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी एक रिपोर्ट सुरू केला होता. त्यातले सगळे आकडे एकाच क्षणाचे हवेत म्हणून तो पूर्ण ट्रान्झॅक्शनभर एकच स्नॅपशॉट धरून ठेवणाऱ्या पातळीवर चालत होता. प्रोग्राम मध्येच अडकला आणि ट्रान्झॅक्शन उघडंच राहिलं. गंमत म्हणजे तो रिपोर्ट ऑर्डरींच्या तक्त्याला हातही लावत नव्हता. तो तिसराच तक्ता वाचत होता.

मग डेटाबेसने ऑर्डरींच्या जुन्या ओळी का धरून ठेवल्या? कारण पुढच्या क्षणी तो काय विचारेल हे डेटाबेसला माहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळचं जग त्याला दाखवण्याचं वचन दिलेलं आहे. त्याने आजवर ऑर्डरी विचारल्या नाहीत यावरून तो कधीच विचारणार नाही असं ठरवायचा अधिकार व्हॅक्यूमला नाही. जोवर तो उघडा आहे, तोवर त्याला दिसू शकणारी प्रत्येक ओळ जिवंत धरायची.

मी ते ट्रान्झॅक्शन बंद केलं. पुढच्या व्हॅक्यूममध्ये ओळी गेल्या. फाइल मात्र लहान झाली नाही, कारण साधा व्हॅक्यूम जागा बहुतेक वेळा डिस्कला परत देत नाही, पुढच्या ओळींसाठी मोकळी ठेवतो. इंडेक्स नव्याने बांधावे लागले. पूर्ण तक्ता नव्याने लिहून काढणारा 'व्हॅक्यूम फुल' असतो, पण त्यासाठी तक्ता सगळ्यांना बंद करावा लागतो.

महसूल खात्यात व्हॅक्यूम फुल होता. हस्तलिखित सातबाऱ्याचं दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. कंस केलेली नावं सोडून द्यायची आणि लागू असलेल्या नोंदी नव्या कोऱ्या पानावर उतरवायच्या. पान स्वच्छ व्हायचं. पण उतरवताना एखादं जिवंत नाव राहून गेलं, एखादा हिस्सा चुकला, तर ती चूक स्वच्छ अक्षरात पुढची दहा वर्षं खरी ठरायची. संहितेचं कलम १५५ हस्तदोष दुरुस्तीसाठी आहे आणि ते किती वापरावं लागतं हे तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात तासभर बसलं की कळतं. हस्तलिखितावरून संगणकावर येतानाही हाच ताळमेळ घालावा लागला. आवृत्त्या जपणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेत धोक्याचा क्षण लिहिण्याचा नसतो, सफाईचा असतो.

अर्थात सफाई टाळत राहण्यालाही मर्यादा आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदलणाऱ्या ट्रान्झॅक्शनला ३२ बिटांचा क्रमांक मिळतो. असे क्रमांक सुमारे चार अब्ज, आणि ते गोल फिरत असल्यामुळे मागचे दोन अब्ज 'भूतकाळ' आणि पुढचे दोन अब्ज 'भविष्यकाळ'. व्हॅक्यूम जुन्या ओळींना 'कायमची जुनी' अशी खूण करत राहिला नाही, तर एके दिवशी जुनी ओळ भविष्यातली वाटू लागेल आणि दिसेनाशी होईल. ते होण्याआधी डेटाबेस नवीन काही लिहून घ्यायचंच थांबवतो. २०१५ साली सेंट्री आणि २०१९ साली मँड्रिल या सेवा याच कारणाने बंद पडल्या होत्या.

आत्या

मे महिन्यात मी गावी गेले तेव्हा बाबांनी वारसाचा अर्ज तयार करून ठेवला होता. वारसांच्या यादीत एकच नाव होतं, बाबांचं.

मला दोन आत्या. थोरली बालाघाटला दिलेली, धाकटी तिरोड्याला. बाबांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की बहिणींची नावं लागली की पुढे प्रत्येक कामाला सह्या लागतात. पीककर्जाला सोसायटी नव्या नावाचा सातबारा मागते. आधारभूत केंद्रावर धान विकायची तर ऑनलाइन नोंदणीला सातबारा लागतो. चौदा वर्षं त्यांनी आजोबांच्या नावावर कसंबसं निभावलं होतं आणि आता एकदाचं स्वच्छ पान हवं होतं. "त्यांनी कधी मागितलं का?" बाबा म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदाही शब्द काढला नाही."

कायदा मला गुगल करून माहीत होता. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्माने मिळतो हे पक्कं केलं. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली असती तरी मृत्युपत्र नसल्यामुळे तिघांचा वाटा सारखाच होता. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात कायदा नव्हता, सोमवारचा लॉग होता. कधी विचारलं नाही म्हणजे कधी विचारणार नाही, हे व्हॅक्यूमलासुद्धा ठरवू देत नाहीत. तिथे तर एक अडकलेला प्रोग्राम होता.

मी हे बाबांना असं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "एकदा फोन तर करू."

धाकटी आत्या हसली. म्हणाली, मी हक्कसोड करून देते, गाडीभाडं तेवढं दे. थोरली बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जमीन नाही मागत मी, बाई. पण मले विचारल्याबिगर काहून काढता?"

बाबांनी अर्ज फाडला. मी नवा लिहिला, तीन नावांचा.

वारस नोंद झाली, फेरफार पडला, नोटीस लागली, पंधरा दिवस गेले, नोंद प्रमाणित झाली. धाकट्या आत्याने दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवून दिलं, त्याचा आणखी एक फेरफार झाला. थोरलीने दिलं नाही आणि नंतर तिला कुणी विचारलंही नाही. आजोबांच्या नावावर आता आडवी रेष आहे. त्याखाली धाकट्या आत्याचंही नाव रेषेखाली आहे. चालू नावं दोन.

एक गोष्ट मात्र डेटाबेसपेक्षा उलटी झाली. इथे आधी ओळ बदलली आणि इंडेक्स मागे राहिले. सोसायटीचं खातं, बँक, धानाची नोंदणी, अनुदानाची पोर्टलं, प्रत्येक ठिकाणी आजोबांकडे बोट दाखवणारा एकेक पत्ता शिल्लक होता. आठ-अ वर नवा खाते क्रमांक आला, पण ते या कुणालाच आपोआप कळत नाही. पावसाळाभर बाबा रोवणीतून वेळ काढून एकेका कार्यालयात जाऊन एकेक पत्ता बदलत होते. मी पुण्याहून त्यांना यादी करून दिली होती. झाला की ते फोन करून सांगायचे आणि मी खूण करायचे.

आता धान विकायच्या नोंदणीला सामाईक खातेदाराचं संमतीपत्र लागतं. दरवर्षी एक कागद बालाघाटला जाणार आणि सही होऊन परत येणार. बाबा कुरकुरतात. पहिल्या वर्षी तो कागद पोस्टाने गेलाच नाही. दिवाळीला आत्या स्वतः आली, अंगणात खाटेवर बसून तिने सही केली, आणि मग सातबारा मागून घेतला. चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, त्याच्या वरचं रेष मारलेलं आजोबांचं नाव वाचलं, आणि घडी घालून बाबांकडे परत दिला.